कान्शातली माणसं

तोकुनागा: …हे झालं घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या फाईलचं. आता जिन्याची प्रमुख तू, म्हणून शेवटचं सांगते, ते मात्र ध्यानात ठेव, हायामा-सान. किल्ली कचेरीत जमा झाल्याशिवाय घर सुटल्याची खूण म्हणून कुणाच्या नावाची पाटी उलटी करायची नाही. मग ट्रक जाऊ दे, नाहीतर माणसं जाऊ देत.

माहो: पण ४०२चं सामान सकाळीच गेलं की. कुरिहाशींच्या चिनामी-सान काल निरोपाचा टॉवेलसुद्धा देऊन गेल्या. निळा, काठाला ससे.

तोकुनागा: टॉवेल मलाही मिळाला. टॉवेल म्हणजे किल्ली नव्हे.

माहो: टबही उतरवला त्यांचा. चार माणसं लागली. मी युझुला कडेवर घेऊन दारात उभी होते. म्हटलं, आता जिन्यात अडकतोय हा.

तोकुनागा: उतरवणारच. नौदलाच्या असल्या जुन्या सरकारी घरांत, कान्शात, आंघोळीचा टब आपला आणायचा, बंब आपला आणायचा, आणि जाताना दोन्ही उपटून न्यायचे. अकरा कान्शांतून एकच टब वागवला मी. नवऱ्याला एवढं जपलं नसेल.

माहो: तोकुनागा-सान!

तोकुनागा: खरं तेच बोलते. तो सहा-सहा महिने जहाजावर. टब निदान घरी असायचा.

माहो: आता उद्यापासून दोघंही घरी.

तोकुनागा: हो ना. निवृत्त झाला, आता स्वतःचं घर. रोज दिसणार तो मला. धास्तीच घेतलीय मी. पण तू विषय बदलू नकोस. पाटी.

माहो: अहो, पाटी सुलटी ठेवली तर फाईल त्यांच्या दारात जाऊन पडेल. रिकाम्या घराच्या दारात. मग पाचव्या मजल्यावर ती पोचणारच नाही. शिवाय जिना धुवायची पाळी या आठवड्यात त्यांचीच आहे. सातवा महिना चालू असलेल्या बाईला काय जिना धुवायला लावायचा?

तोकुनागा: मग दार वाजव आणि विचार. ‘कधी निघतेस गं?’ झालं.

माहो: निरोप घेऊन झाल्यावर? काल दोघी रडलो आम्ही दारात. आता परत जाऊन ‘अजून आहात का’ विचारायचं? त्यांनाच कानकोंडं होईल.

तोकुनागा: होऊ दे. तू नवी आहेस म्हणून तुला सांगते. गावात एखादी बाई चार दिवस दिसली नाही, की शेजारीण म्हणते, कुठे गेली बाई? कान्शात दिसली नाही, की म्हणतात, बदली झाली. पाच वर्षं झाली मला इथं, ती कोपऱ्यावरची भाजीवाली अजून विचारते, ‘कान्शातल्या ना? मग किती दिवस आहात?’ कागदावर काहीही लिहू देत, कान्शा म्हणजे जायची माणसं. तेवढाच अर्थ आहे त्याचा.

माहो: बरं. करते तसं.

तोकुनागा: ‘करते’ म्हणत्येस आणि हात पाटीवर आहे तुझा.

माहो: घर रिकामं झालंय हो सगळं. पडदे नाहीत, दिवे काढून नेलेत. युझु उठली बघा, ऐकू येतंय ना? जाऊ दे. एक पाटी दोन दिवस आधी उलटली म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?

(तीन आठवड्यांनंतर. चारशे दोन नंबरचं रिकामं घर, दुपार. माहो आणि चिनामीचा नवरा.)

कुरिहाशी: पायात घालायला काही नाही इथं. जमीन गार आहे. माफ करा.

माहो: असू दे. मोजे आहेत.

कुरिहाशी: कचेरीचे साहेब दोन वाजता येतील. तुम्हाला अर्धा तास आधी बोलावलं. जिन्याच्या प्रमुखाची सही लागते, ते आहेच. पण त्याआधी आभार मानायचे होते.

माहो: माझे?

कुरिहाशी: तुम्ही चिनामीच्या अंत्यविधीला तिच्या गावापर्यंत आलात. तान्ह्या मुलीला घेऊन, चार तास गाडीनं. तिथं गर्दीत बोलता आलं नाही.

माहो: त्याचे आभार नका मानू.

कुरिहाशी: तिच्या वडिलांनी चौकशी केली तुमची. म्हणाले, त्या खालच्या मजल्यावरच्या बाई सारख्या उंबऱ्यापाशीच का बसल्या होत्या, आत का आल्या नाहीत?

माहो: युझु किरकिर करत होती.

कुरिहाशी: मी तेच सांगितलं. चाळीस गायी आहेत त्यांच्याकडे, दाइसेनच्या पायथ्याला. त्या दिवशीसुद्धा पहाटे दूध काढून आले होते. गायींना कळत नाही ना, आज काय आहे ते.

माहो: चिनामी-सान सांगायच्या गायींच्या गमती. मला कचऱ्याच्या दिवशी भेटल्या की विचारायच्या, ‘काय गं, चारापाणी झालं का?’

कुरिहाशी: असं म्हणायची?

माहो: दर वेळी. मी पहिल्यांदा बावरलेच. मग त्यांनी समजावून सांगितलं.

कुरिहाशी: कान्शाचं?

माहो: हो.

कुरिहाशी: लग्नाआधी मी तिला पत्ता लिहून दिला होता. म्हणाली, ‘कान्शा’तलं हे शेवटचं अक्षर आमच्याकडे गोठ्याला लावतात. ग्यूशा. मी म्हटलं, बराकीलाही तेच लावतात, हेइशा. पुष्कळ जणांना एका छपराखाली ठेवायचं, की ते ‘शा’. तर म्हणाली, छान, एका गोठ्यातून सुटले आणि दुसऱ्यात चालले. खूप हसली. आईला फोन करून सांगितलं तिनं.

माहो: मलासुद्धा हसत हसतच सांगितलं होतं.

कुरिहाशी: विधी झाल्यावर वडील मला बाजूला घेऊन गेले. मला वाटलं, शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. एवढंच म्हणाले, ‘गोठ्यात रोज संध्याकाळी डोकी मोजतात.’ बस. परत आत गेले. बराकीतही मोजतात. सकाळ-संध्याकाळ हजेरी. एक माणूस कमी आला तर जेवण थांबतं. अठराव्या वर्षापासून मी रोज मोजला गेलोय, हायामा-सान. जहाजावर तर… जाऊ द्या. तुम्हाला उद्देशून बोललो नाही.

माहो: बोलायला हवं होतं. पाटी मीच उलटवली. त्याच दिवशी, ट्रक गेल्या गेल्या.

कुरिहाशी: माहीत आहे. कचेरीत सांगितलं मला. कुणीही उलटवली असती. टॉवेल वाटून झाले होते. दवाखान्यातसुद्धा तेच झालं. तीस तारखेला तिची तपासणी होती, गेली नाही. मी जाऊन विचारलं, सात महिन्यांची गरोदर बाई आली नाही, फोन का नाही केलात? नर्सनं तिचं कार्ड काढून दाखवलं. कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘कान्शा’. म्हणाली, मार्चमध्ये आम्ही कान्शातल्यांना फोन करत नाही. निम्मे बदलून गेलेले असतात. वाईट नव्हती ती मुलगी. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं आपण काय बोलतोय, आणि कार्ड तसंच धरून उभी राहिली.

माहो: मला अजून एक कळलेलं नाही. विचारू?

कुरिहाशी: विचारा.

माहो: त्या थांबल्या कशाला? पंचवीसला ट्रक गेला. सामान तुमच्या नव्या गावी, उत्तरेला. त्या बाळंतपणाला माहेरी जाणार होत्या. मला म्हणाल्या होत्या, सव्वीसची गाडी.

कुरिहाशी: माझ्यासाठी. जहाज अठ्ठावीसला बंदरात येणार होतं. माहेरी जाण्याआधी एकदा पोट दाखवायचं होतं तिला. मग आमचं येणं पुढे ढकललं गेलं. का, ते आम्हालाही सांगत नाहीत, घरच्यांना तर नाहीच. आज येईल, उद्या येईल.

माहो: पण मला एका शब्दानं…

कुरिहाशी: जहाजाची तारीख शेजारणीलासुद्धा सांगायची नाही, असं मीच बजावलं होतं. पहिल्याच महिन्यात. ती पाळायची. आईवडिलांनाही नुसतं ‘महिनाअखेरीला येते’ कळवलं.

माहो: माझे हेही तसंच बजावतात.

कुरिहाशी: बंदरात शिरल्यावर आम्हाला फोन परत मिळाले. तिचे निरोप एकदम आले. सत्तावीसचा आहे हा, वाचू? ‘निरोप घेऊन झालाय, त्यामुळे चोरासारखी जिना उतरते. हायामा-सानना दिसले तर परत रडतील बिचाऱ्या.’

माहो: अगं बाई.

कुरिहाशी: आणि हा शेवटचा. एकोणतीस. ‘पाय सुजलेत, डोकं दुखतंय. उद्या दवाखाना आहेच. घर इतकं रिकामं आहे की खालचं सगळं वर ऐकू येतं. युझु आज चार वेळा खळखळून हसली. मी मोजलं.’ तुम्हाला रडवायला नाही वाचलं. सोबत होती तिला, एवढंच म्हणायचं होतं. आणि डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव, एका क्षणात झालं असेल, तिला काही कळलंही नसेल. कचेरीच्या अहवालातही लिहिलंय, ‘शेजाऱ्यांना कोणताही आवाज आला नाही.’ ते वाक्य वाचलं, त्या रात्री मी पहिल्यांदा झोपलो.

माहो: बरं झालं.

कुरिहाशी: फक्त ही पळी.

माहो: कसली पळी?

कुरिहाशी: ही. एक पातेलं, ही पळी आणि माझी जुनी स्लीपिंग बॅग एवढंच तिनं मागे ठेवलं होतं. फोन आतल्या खोलीत चार्जरला होता. ती बाथरूममध्ये सापडली, आणि ही तिच्या हाताशी. बाथरूममध्ये पळी कशाला?

माहो: टब नव्हता ना. पाणी पातेल्यात तापवून अंगावर घेत असतील.

कुरिहाशी: मीही तसंच समजलो. पण वाकली कशी? दांड्यापाशी पार वाकलीय बघा. स्टीलची आहे. पडून नाही वाकत अशी. हायामा-सान? मुलगी रडतेय का खाली?

माहो: नाही. माझी आई आलीय, तिच्यापाशी आहे.

कुरिहाशी: तुमचा चेहरा पांढरा पडलाय. पाणी देतो. नळ आहे चालू अजून.

माहो: नळ नको उघडू. नका उघडू, म्हणजे. थांबा. मला एक सांगायचंय. आमचे हे म्हणाले, बोलू नकोस, बोलून कुणाचं भलं होणार आहे? आईही तेच म्हणाली. आता तुम्ही म्हणालात की झोप लागली…

कुरिहाशी: सांगा.

माहो: बाथरूमच्या कोपऱ्यात नळाची उभी पाइप आहे. बंब होता त्याच्या मागची.

कुरिहाशी: आहे.

माहो: ती आमच्या बाथरूममधून खाली जाते.

कुरिहाशी: पुढे?

माहो: तीस तारखेला दुपारी पाइप वाजली. दोनच्या सुमाराला. युझुला दीड तास थोपटून नुकतं झोपवलं होतं. रात्रभर जागी होती ती, मीही. टण्, टण्, टण्. तीनदा. मला वाटलं, कामगार. घर रिकामं झालं की येतात ना, चटया बदलायला, रंग द्यायला. आमच्या आधीच्या कान्शातही यायचे, सारखं ठोकायचे. कचेरीच्या माणसानं मला विचारलं, ‘वर कुणी राहत असल्याचा आवाज आला का?’ मी म्हटलं, नाही. राहत असल्याचा नाही आला हो. कामाचा आला.

कुरिहाशी: तीनदा वाजली. मग?

माहो: युझु दचकून उठली. किंचाळायला लागली.

कुरिहाशी: मग तुम्ही काय केलंत?

माहो: मला राग आला.

कुरिहाशी: काय केलंत?

माहो: झाडू घेतला. उलटा धरला, आणि दांडा छतावर आपटला. जोरात. गप्प बसा, अशा अर्थी.

कुरिहाशी: छतावर.

माहो: हो. बाथरूमच्याच. दोनदा.

कुरिहाशी: म्हणजे तिच्याखालीच.

माहो: हो.

कुरिहाशी: आणि वरून?

माहो: लगेच परत वाजली. दोनदा. मी दोनदा मारलं होतं ना, तर दोनदाच. मला वाटलं, चिडवतायत मेले.

कुरिहाशी: ती उत्तर देत होती.

माहो: आता कळतंय.

कुरिहाशी: तिला वाटलं असेल, कुणीतरी ऐकलं. आता येतायत. मग तुम्ही वर आलात?

माहो: नाही. युझुला बाबागाडीत घातलं आणि बागेत गेले. पाच वाजेपर्यंत. आल्यावर शांत होतं सगळं. मला बरंसुद्धा वाटलं.

कुरिहाशी: तीन आणि दोन. पाच.

माहो: हो.

कुरिहाशी: पाइपवर खुणा जास्त आहेत. मला वाटलं, जुन्याच असतील. पुष्कळ आहेत. खालच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर. इकडे या. नाही, राहू द्या. तुम्ही नका येऊ.

माहो: बघते मी.

कुरिहाशी: नको म्हटलं ना!

माहो: …

कुरिहाशी: एका क्षणात नव्हतं ते.

माहो: नाही.

कुरिहाशी: तुम्हाला गप्प राहता आलं असतं. पाणी अंगावर घ्यायला पळी, झालं, संपलं. मी तेवढ्यावर जगलो असतो.

माहो: मी तसंच ठरवून वर आले होते. शपथेवर सांगते. तुम्ही ती पळी माझ्यासमोर धरलीत…

कुरिहाशी: माझ्याकडून काही ऐकायचंय तुम्हाला?

माहो: नाही.

कुरिहाशी: कारण ते मी म्हणणार नाही. आज तर नाहीच. पुढे कधी म्हणेन असंही नाही.

माहो: नका म्हणू.

कुरिहाशी: युझुचा राग करू नका. ती झोपत नव्हती म्हणून, वगैरे. लोक करतात तसा. चिनामीला तिचं हसू… दारावर कुणी आहे. साहेब आले. डोळे पुसा तुम्ही.

माहो: तुमचेही.

कुरिहाशी: हा कागद घ्या. इथं सही.

माहो: इथं काय छापलंय? ‘शेजाऱ्यांची हरकत नाही, घर पूर्ववत आहे.’

कुरिहाशी: सगळ्यांच्याच कागदावर तसं असतं. करा सही.

*

माहो: हॅलो, ओमिनातोचा कान्शा ना? तिसरी इमारत, पूर्वेचा जिना? आपण जिन्याच्या प्रमुख आहात असं कळलं, कचेरीतून नंबर मिळवला. माझं नाव हायामा. तुम्ही मला ओळखत नाही. मीही कान्शातलीच, खाली दक्षिणेला… हो, इकडे उकडायला लागलंय. तुमच्याकडे बर्फ आहे अजून?

माहो: तुमच्या जिन्यात परवा एक जण राहायला आलेत. कुरिहाशी. एकटेच… हो, उंच, कमी बोलणारे. टॉवेल घेऊन आले का प्रत्येकाकडे? आले ना? नीट वाकून नमस्कार केला असेल. ‘सगळं ठीक आहे, काही लागत नाही’ म्हणाले असतील. मला वाटलंच.

माहो: नाही, बायको मागून येणार नाहीये. त्यांनी सांगितलं नाही का? नसेल सांगितलं. त्या वारल्या. पोटात मूल होतं, सातवा महिना… नाही, आजारी नव्हत्या. मी नंतर केव्हातरी सगळं सांगेन तुम्हाला, आत्ता नको. आत्ता एवढंच ऐका. तिथं खोक्यांचा ढीग लागलेला असेल. ती खोकी त्यांनी स्वतः भरलीत, चिनामी-साननी. मी बाजूला बसून चिकटपट्टी कापून देत होते. प्रत्येकावर जाड पेनानं लिहिलंय, आत काय आहे ते. ‘कपबश्या’. ‘हिवाळ्याचे कपडे’. ‘बाळ, पहिलं’. ‘बाळ, दुसरं’. ‘बाळ, हसू नका, हेही बाळाचंच’. तिसऱ्यावर तसं लिहिलंय, कारण मी हसले होते.

माहो: ते एकटे उघडत असतील ती. नाहीतर उघडतच नसतील, त्यांच्यामध्येच झोपत असतील. मला कसं माहीत? माहीत नाही. काल फोन केला, उचलला नाही. उचलणार नाहीत, माझा नंबर आहे ना. त्याचं काही नाही. आज दुसऱ्याच्या फोनवरून केला, तोही वाजत राहिला.

माहो: कामावर रुजू व्हायला अजून चार दिवस आहेत त्यांना. तोवर हजेरी नाही. कुणाच्याच लक्षात येणार नाही हो. तुम्हाला वाटेल, नवीन माणूस आहे, दमला असेल, त्रास कशाला द्या. मलाही असंच वाटायचं. तुम्हाला लहान मूल आहे का? ऐकू येतंय मागे… असू दे, रडू दे, कडेवर घेऊन जा. ते बघतील त्याच्याकडे. त्यांना चालेल.

माहो: काही घेऊन जायला हवं असं नाही. विचारलं तर म्हणा, फाईल द्यायची आहे. माझं नाव मात्र काढू नका, नाव ऐकलं तर दार लावून घेतील. आतून ‘ठीक आहे’ म्हणाले तर तेवढ्यावर परत फिरू नका. थांबा तिथंच. तोंड दिसू दे त्यांचं.

माहो: हो, मी थांबते ना फोनवर. कितीही वेळ. तुम्ही आत्ताच जाल का?